कुंपणापासून कठड्यापर्यंत: इंग्लंडच्या फुटबॉल प्रेक्षकांनी उभं राहणं परत कसं मिळवलं

२ जानेवारी २०२२. चेल्सीच्या मैदानावर लिव्हरपूलविरुद्धचा सामना २-२ असा सुटला. त्या दिवशी स्टँडच्या ठरावीक भागातल्या प्रेक्षकांनी अख्खा सामना उभ्याने पाहिला आणि कुणी त्यांना ‘खाली बसा’ म्हणालं नाही. इंग्लंडच्या वरच्या पातळीच्या फुटबॉलमध्ये उभं राहून सामना पाहायला कायद्याने परवानगी मिळाली ती पाव शतकाहून अधिक काळानंतर.

परवानगी मिळाली ती एका साध्या वस्तूमुळे. प्रत्येक रांगेत कमरेइतक्या उंचीचा पोलादी कठडा असतो आणि खुर्ची त्या कठड्यातच दुमडून बसते. गोल झाला, मागच्या रांगेतला माणूस आनंदाने पुढे झेपावला, तरी तो कठड्याला अडतो, पुढच्याच्या पाठीवर कोसळत नाही. एका खुर्चीच्या जागेत एकच माणूस, तिकिटावर छापलेल्या जागेवरच. एवढी सोपी गोष्ट मिळायला इतकी वर्षं का लागली, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

इंग्लंडमध्ये फुटबॉल वाढला तो गिरण्या, खाणी आणि गोद्यांच्या गावांत. शनिवारी दुपारी अर्ध्या दिवसाचं काम उरकून माणसं थेट मैदानावर येत. त्यांच्यासाठी मातीच्या भरावावर काँक्रीटच्या किंवा लाकडाच्या पायऱ्या असत. तिकीट स्वस्त, जागेचा नंबर नाही, जिथे पाय टेकेल तिथे उभं राहायचं. दोस्त एकत्र उभे राहत, गाणी एका कोपऱ्यातून उठून सगळ्या स्टँडभर पसरत. आज टीव्हीवर जो आवाज ऐकून आपण ‘काय वातावरण आहे!’ म्हणतो, तो याच पायऱ्यांवर जन्मला. मात्र त्या पायऱ्यांवर किती माणसं मावतात, हे मोजण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली.

९ मार्च १९४६ रोजी बोल्टनच्या बर्नडन पार्कवर एफए कपचा, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा, सामना होता. महायुद्ध नुकतंच संपलेलं, समोर स्टोक सिटी आणि त्यांच्याकडून नामवंत स्टॅनली मॅथ्यूज खेळणार. सुमारे ८५ हजार लोक लोटले. गर्दीच्या दाबाने दोन अडसर तुटले आणि ३३ जण गेले. खेळ काही वेळ थांबला. मग मृतदेह मैदानाच्या कडेला कोट टाकून झाकून ठेवले, भुसा टाकून नवी सीमारेषा आखली आणि सामना पुन्हा सुरू झाला. तो ०-० असा सुटला. चौकशी समितीने सांगितलं, की मैदानांना परवाना द्या आणि आत येणारी माणसं मोजा. यावर कायदा यायला आणखी २९ वर्षं आणि आणखी ६६ मृत्यू लागले.

ते ६६ जण ग्लासगोमध्ये गेले, २ जानेवारी १९७१ रोजी, रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानाच्या १३ क्रमांकाच्या जिन्यावर. रेंजर्स आणि सेल्टिक यांचा सामना संपून लोक बाहेर पडत होते. शेवटच्या क्षणाला गोल झाल्याचं ऐकून काही जण उलटे फिरले, त्यातून हे घडलं, अशी कहाणी लगेच पसरली. चौकशीत ती खोटी ठरली. सगळे एकाच दिशेने, खालीच उतरत होते. याच जिन्यावर आधीही अपघात झाले होते, १९६१ मध्ये दोघांचा जीवही गेला होता. दोष बांधकामाचा होता, पण लोकांच्या लक्षात राहिली ती चाहत्यांच्या उतावीळपणाची गोष्ट. हीच खोड पुढे फार महागात पडली.

१९७५ च्या कायद्याने मोठ्या मैदानांना सुरक्षेचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. पण तोपर्यंत काळजीचा विषयच बदलला होता. सत्तरच्या दशकात स्टँडमध्ये मारामाऱ्या वाढल्या. रेल्वेचे डबे फोडले जाऊ लागले, चाकू निघू लागले. ही हुल्लडबाजी खरी होती, तिला झाकण्यात अर्थ नाही. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हायसेल स्टेडियमवर लिव्हरपूलचे काही चाहते युव्हेंटसच्या चाहत्यांवर धावून गेले, पळणाऱ्यांच्या दाबाखाली भिंत कोसळली आणि ३९ जण दगावले, त्यात बहुतेक इटालियन. इंग्लिश क्लबांवर युरोपात पाच वर्षं बंदी आली. लिव्हरपूलला ती आणखी एक वर्ष भोगावी लागली.

यावर सरकारला आणि क्लबांना एकच उपाय सुचला, तो म्हणजे पिंजरा. स्टँडसमोर उंच लोखंडी कुंपण, वरचं टोक आत वळवलेलं, आणि स्टँडचेही आडवे-उभे तुकडे पाडून केलेले कप्पे. चेल्सीच्या अध्यक्षांनी तर १९८५ मध्ये कुंपणाला विजेचा प्रवाह जोडण्याची तयारी केली. तारा बसल्याही होत्या. स्थानिक प्रशासनाने परवानगी नाकारली म्हणून तो प्रवाह कधी सोडला गेला नाही. जनावरांना अडवायचं कुंपण माणसांसाठी उभारलं गेलं आणि यात कुणाला फारसं वावगं वाटलं नाही. त्या काळातला प्रत्येक नियम याच नजरेतून लिहिलेला आहे: मैदानाला प्रेक्षकांपासून वाचवायचं. प्रेक्षकाला वाचवायचं, हा विचार त्यात जवळजवळ नाहीच.

हायसेलच्या अठरा दिवस आधीच, ११ मे १९८५ रोजी, ब्रॅडफर्डमध्ये जे घडलं त्यातून धडा घ्यायला हवा होता. ब्रॅडफर्ड सिटीने तिसऱ्या विभागाचं विजेतेपद मिळवलं होतं, सामन्याआधी करंडक हातात पडला होता, गाव खुशीत होतं. मुख्य स्टँड लाकडी आणि जुनाट. बाकांखालच्या पोकळीत वर्षानुवर्षांचा कचरा साठलेला. नंतर त्यात १९६८ च्या वर्तमानपत्राचा तुकडा सापडला, म्हणजे सतरा वर्षं तिथे झाडू फिरला नव्हता. पहिला अर्धा संपत आला असताना तिथे ठिणगी पडली आणि जेमतेम चार मिनिटांत अख्खं छप्पर पेटलं. ५६ जण गेले. तरी हजारो वाचले, कारण त्या स्टँडसमोर उंच कुंपण नव्हतं. लोक बुटकी भिंत ओलांडून थेट मैदानात उतरले.

चार वर्षांनी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर कुंपण होतं.

१५ एप्रिल १९८९, एफए कपची उपांत्य लढत, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लिव्हरपूलच्या उभ्या प्रेक्षकांना लेपिंग्ज लेनची बाजू दिली होती. १० हजार १०० माणसांसाठी फिरती फाटकं फक्त सात. अडीचच्या सुमारास बाहेर घुसमट व्हायला लागली. २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी बाहेर पडायचं मोठं ‘सी’ गेट उघडून लोकांना आत घेतलं. समोरच एक बोगदा होता आणि तो थेट मधल्या दोन कप्प्यांत जात होता. ते कप्पे आधीच खच्चून भरले होते, बाजूच्या कप्प्यांत जागा होती. बोगद्याचं तोंड बंद करून लोकांना बाजूला वळवायला कुणी उभं नव्हतं. तीन वाजता खेळ सुरू झाला, ३ वाजून ६ मिनिटांनी थांबवला गेला. त्या सहा मिनिटांत माणसं कुंपणाच्या जाळीला चिकटून श्वासासाठी तडफडत होती. वर चढू पाहणारे मैदानात घुसखोरी करत आहेत, असं पोलिसांना वाटलं. वरच्या स्टँडमधल्या लोकांनी हात देऊन काहींना ओढून घेतलं. जाहिरातींचे फलक उपटून त्यांची स्ट्रेचर केली, तीही चाहत्यांनीच.

आपल्याकडे अशा घटनेला ‘चेंगराचेंगरी’ म्हणतात. या शब्दातून डोळ्यांपुढे येते ती सैरावैरा पळणारी, एकमेकांना तुडवणारी गर्दी. मांढरदेवीपासून एल्फिन्स्टन रोडच्या पुलापर्यंत आपण हाच शब्द वापरला. हिल्सबरोत बहुतेकांना उभ्याउभ्याच मृत्यू आला. चारी बाजूंनी इतका दाब, की छाती फुगायला जागा नाही. अशा वेळी गर्दी पाण्यासारखी वाहते आणि आतल्या माणसाच्या हाती काहीच उरत नाही. सर्वांत लहान मृत मुलगा दहा वर्षांचा होता. मृतांची संख्या आता ९७ आहे. सत्त्याण्णवावे गृहस्थ त्या दिवसाच्या जखमा घेऊन ३२ वर्षं जगले आणि २०२१ मध्ये गेले.

पोलिसांनी लगेच सांगितलं, की चाहत्यांनी गेट फोडलं. पाठोपाठ एका खपाच्या वर्तमानपत्राने मृतांचे खिसे चाहत्यांनीच कापल्याची बातमी पहिल्या पानावर छापली. लिव्हरपूलमध्ये त्या वर्तमानपत्रावरचा बहिष्कार आजही टिकून आहे. सरकारी चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांनी ऑगस्ट १९८९ मध्येच पोलिसांचं नियोजन कोलमडणं हे मुख्य कारण असल्याचं म्हटलं, तरी १९९१ मध्ये मृत्यूंच्या न्यायालयीन तपासात ज्युरीचा निकाल ‘अपघाती मृत्यू’ असा लागला. कुटुंबांनी तो मानला नाही. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने कागद उघडले, तेव्हा पोलिसांचे १६४ जबाब बदलले गेल्याचं निघालं. २०१६ मध्ये ज्युरीने हे बेकायदा मृत्यू होते आणि चाहत्यांचा त्यात दोष नव्हता, असा निर्णय दिला. सत्तावीस वर्षं आईबापांना आपल्या मुलांची बदनामी पुसत बसावं लागलं. फुटबॉल प्रेक्षकांच्या इतिहासात याहून मोठा अन्याय मला माहीत नाही.

टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० चा. त्यात ७६ शिफारशी होत्या. कुंपणं उतरली, आणि वरच्या विभागांत फक्त आसनव्यवस्था आली. पण त्याच अहवालातली दोन वाक्यं सोयीस्करपणे बाजूला पडली. एक, उभं राहणं मुळातच धोकादायक नाही. दुसरं, खुर्च्या बसवल्या म्हणून तिकीट आवाक्याबाहेर जाण्याचं कारण नाही. आयब्रॉक्सवर तेव्हा बसायला ६ पौंड आणि उभं राहायला ४ पौंड लागत, हे उदाहरण त्यांनी दिलं होतं.

प्रत्यक्षात १९९२ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च विभागाची नवी प्रीमियर लीग आली, टीव्हीचा पैसा आला आणि तिकिटं चढत गेली. लिव्हरपूलचा प्रसिद्ध ‘कॉप’ स्टँड ३० एप्रिल १९९४ रोजी शेवटचा उभा राहिला. पुढच्या काळात स्टेडियम स्वच्छ झाली, बायका-मुलं निर्धास्तपणे येऊ लागली, आणि ही खरीखुरी कमाई आहे. पण कोवळी पोरं पायऱ्यांवरून हद्दपार झाली. जुन्या पायऱ्यांवर दहावी-बारावीतली मुलं गाणी शिकत असत. आता हंगामी पासच्या खुर्चीवर त्यांचे वडीलही जेमतेम परवडवून बसत. स्टँड गप्प पडू लागले.

चाहत्यांनी हे मुकाट्याने सोसलं नाही. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी लिव्हरपूल संडरलंडविरुद्ध २-० असा पुढे असताना ७७ व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून चालू लागले, कारण क्लबने ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केलं होतं. सामना २-२ असा सुटला आणि काही दिवसांत क्लबने दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा लीगने ठरवली. पाहुण्यांचा कोपरा भरलेला असला की यजमानांनाही चेव चढतो, हे क्लबांना कळलं असावं.

दरम्यान गोलपोस्टमागचे लोक खुर्च्यांसमोर उभेच राहत होते. पुढच्या खुर्चीची पाठ नडगीशी येते, त्यामुळे गोल झाला की माणूस तिच्यावरून पुढच्या रांगेत पडायचा. म्हणजे सुरक्षेसाठी बसवलेली खुर्चीच इजा करत होती. दुसरीकडे जर्मनीत उभ्याच्या जागा कधी गेल्याच नव्हत्या. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडवर सुमारे २५ हजार माणसं आजही उभी असतात. सेल्टिकने २०१६ मध्ये कठड्यांच्या खुर्च्या बसवल्या, कारण इंग्लंडचा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. २०१७ मध्ये लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या संघटनेने आपल्या सदस्यांचं मत घेतलं आणि मोठ्या बहुमताने कौल कठड्यांच्या बाजूने पडला. हिल्सबरोत मुलं गमावलेल्या काही कुटुंबांना तो मान्य झाला नाही. त्यांना तो कधी होणारही नाही, आणि त्यांच्याशी वाद घालण्याचा अधिकार कुणाला नाही. २०२२-२३ च्या हंगामापासून परवाना घेणाऱ्या सगळ्या क्लबांना ही मुभा मिळाली.

बाकीचे नियम सैल झालेले नाहीत. मैदान दिसेल अशा जागी दारू पिणं १९८५ पासून बंद आहे. वस्तू फेकणं, वंशद्वेषी घोषणा देणं, मैदानात उतरणं हे १९९१ पासून गुन्हे आहेत. मृतांची टिंगल करणाऱ्या घोषणांवर अलीकडे कारवाई होऊ लागली. २०२३ च्या एफए कप अंतिम सामन्याला हिल्सबरोच्या मृतांची खिल्ली उडवणारा शर्ट घालून आलेल्या एका प्रेक्षकाला चार वर्षांची बंदी झाली. हे नियम चाहत्यांना आवडतात, कारण ते त्यांच्यासाठी आहेत.

आपल्या देशानेही याची किंमत मोजली आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचे समर्थक एकाच स्टँडमध्ये मिसळून बसवले होते. मैदानातली धक्काबुक्की वर पोचली आणि १६ जण गेले. त्या तारखेला बंगालमध्ये आजही रक्तदान शिबिरं होतात. मुंबईची अडचण उलटी होती. १ जून २०१८ रोजी अंधेरीत भारताचा सामना पाहायला २५६९ लोक आले. कर्णधार सुनील छेत्रीने व्हिडिओतून हात जोडून विनवलं, शिव्या द्या पण मैदानावर येऊन द्या. ४ जूनच्या पुढच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली होती.

कोल्हापुरात अशी विनवणी कधी करावी लागत नाही. पाटाकडील, शिवाजी, प्रॅक्टिस, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा... तालमींच्या आखाड्यांतून उभे राहिलेले हे संघ, आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पेठच्या पेठ येऊन बसते. कॉर्नर मिळाला की कुणी बसलेलं नसतं. इथेही दगड पडतात, सामने थांबतात, आणि दर वेळी पहिली मागणी होते ती जाळी उंच करण्याची. ती ऐकली की मला विचारावंसं वाटतं: मैदानाच्या बाजूला उघडणारी फाटकं किती आहेत, आणि सामन्याच्या दिवशी त्यांच्या किल्ल्या कुणाच्या खिशात असतात? ब्रॅडफर्डच्या त्या स्टँडमागची दारं कुलूपबंद होती. मागे धावलेली माणसं तिथेच सापडली.