टिंबांआड पासवर्ड लपत नाही

पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काळी टिंबं उमटतात आणि आपण निर्धास्त होतो. पण ती टिंबं फक्त मागून डोकावणाऱ्यासाठी असतात. कीबोर्ड आणि पडदा यांच्या मधल्या वाटेवर कीलॉगर, म्हणजे दाबलेली प्रत्येक कळ गुपचूप टिपणारं उपकरण किंवा सॉफ्टवेअर, बसला असेल, तर अक्षराचं टिंब व्हायच्या आतच ते त्याच्या हाती लागलेलं असतं.

ही चोरी घरोघरी संगणक येण्याच्याही आधीची. 1984 साली मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासातले विजेवर चालणारे टाइपरायटर तपासणीसाठी मायदेशी नेले गेले. वरवर सगळं ठीक होतं. क्ष-किरणांखाली मात्र एका धातूच्या पट्टीच्या पोटात चक्क सर्किट दिसलं. अक्षर उमटताना आतल्या दांड्या हलत, त्यासरशी चुंबकीय क्षेत्र बदले. ते टिपून हे सर्किट रेडिओलहरींनी बाहेर पोचवत असे. मॉस्को आणि लेनिनग्राड मिळून अशी 16 यंत्रं निघाली. संदेश सांकेतिक भाषेत पाठवायची चोख व्यवस्था होती हो, पण मजकूर त्याआधी, टाइप होतानाच फुटत होता.

आजचा हार्डवेअर कीलॉगर बोटाच्या पेराएवढा असतो. कीबोर्डची वायर सीपीयूच्या मागे जिथे खोचतात, तिथे मध्येच तो बसवतात. अँटिव्हायरसला त्याचा पत्ता लागणं कठीण, कारण संगणकाला समोर नेहमीचा कीबोर्डच दिसतो. वाकून मागे बघणं हाच उपाय. सायबर कॅफेत असं वाकायला संकोच वाटतो, पण वाटू द्यावा.

सॉफ्टवेअरचा कीलॉगर वाकूनही दिसत नाही. न्यूयॉर्कमध्ये एकाने झेरॉक्स-प्रिंटच्या दुकानांमधल्या संगणकांवर तो गुपचूप बसवून 450 हून अधिक युजरनेम आणि पासवर्ड गोळा केले होते. 2003 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला.

बँकांच्या साइटवर माउसने दाबायचा व्हर्च्युअल कीबोर्ड असतो. वायरीतल्या चोराला तो चकवतो. पण प्रत्येक क्लिकला पडद्याचा फोटो काढणारी सॉफ्टवेअर आहेत, त्यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही. माउसने कर्सर मागेपुढे नेत पासवर्डची अक्षरं उलटसुलट टाकायची युक्तीही तिथेच फसते. त्यामुळे परक्या संगणकावर पासवर्ड टाकूच नये, हे माझं ठाम मत. हॉल तिकिटाची प्रिंट हवी तर मेल उघडून बसू नका. फाइल मोबाइलवरून दुकानदाराला पाठवा आणि काम झाल्यावर समोर डिलीट करून घ्या.

घरी धोका बहुधा आपणच आणतो: फुकटात मिळालेलं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, गेमचा चीट. मुलांना ॲडमिन नसलेलं, म्हणजे संगणकात हवे ते बदल करायचे अधिकार नसलेलं, वेगळं खातं द्या, अपडेट टाळू नका. आणि जिथे पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी फोन किंवा संगणकात साठवलेल्या किल्लीने लॉगिन करायची, सोय असेल तिथे ती घ्या. तिची गुप्त किल्ली टाइप होत नाही आणि साइटकडेही जात नाही, म्हणजे कीलॉगरच्या हाती काही लागत नाही. ओटीपी त्यामानाने दुबळा, पण नुसत्या पासवर्डपेक्षा पुष्कळ बरा.

संशय आलाच तर पासवर्ड बदला, मात्र त्याच संगणकावरून नव्हे, स्वतःच्या मोबाइलवरून. नाहीतर नवा पासवर्डही त्याच चोराला मिळेल. मग सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, आणि लगोलग बँकेला.