विमानाची किंमत आणि टनाचं भाडं

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या वजनकाट्यावर केळीची गाडी उभी राहते तेव्हा ट्रक केवढ्याला घेतला हे कुणी विचारत नाही. क्विंटलमागे भाडं किती, दिल्लीला कधी पोचणार आणि गाडी बागेच्या बांधापर्यंत येईल का, एवढंच पाहतात. लष्करी मालवाहू विमानांनाही हेच प्रश्न विचारायला हवेत. आपण मात्र आधी किंमत बघतो.

किंमतीचा आकडाही फसवा असतो. भारताने 2011 मध्ये सी-17 या अमेरिकी मालवाहू जातीच्या 10 विमानांचा सुमारे 4.1 अब्ज डॉलरचा करार केला. भागाकार केला की एक विमान 41 कोटी डॉलरला पडतं. अमेरिकी हवाई दलाच्या नोंदीत त्याच विमानाची किंमत 20 कोटी 23 लाख डॉलर आहे, पण ती 1998 च्या डॉलरमध्ये. मधल्या वर्षांची महागाई, शिवाय करारात धरलेले सुटे भाग, प्रशिक्षण आणि देखभाल. दोन्ही आकडे खरे, पण शेजारी ठेवून तुलना करण्यासारखे नाहीत.

आता क्षमता. सी-17 सुमारे पाऊणशे टन माल घेऊन 4,400 किलोमीटर जातं. त्याहून लहान मालवाहू विमान सी-130जे साधारण 20 टन उचलतं, सी-295 नऊ टनांच्या आसपास. पण नुसत्या टनांवर जाऊ नका. आपल्याकडे कापूस जिनिंगला नेताना जाळी लावलेली गाडी शिगोशीग भरते, दोन्ही बाजूंनी फुगते, तरी काट्यावर वजन कमीच. केळीचं उलटं: गाडीत जागा उरते आणि पाटे आधी दबतात. विमानातही तसंच होतं. टी-90 रणगाडा सुमारे 46 टनांचा आणि पावणेचार मीटर रुंद. सी-130जेच्या पोटातली मालाची जागा जेमतेम तीन मीटर रुंद. वजनाचा प्रश्न सोडवला तरी रणगाडा दारातून आत जाणार नाही. तिथे सी-17च लागतं, महाग असो वा नसो.

आणि हवा. भुसावळचा मे महिना सगळ्यांनी सोसलाय. 46 अंशांना हवा, 15 अंशांच्या मानाने, जवळपास दहा टक्के विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांनाही हवा कमी, म्हणून धावपट्टी जास्त लागते किंवा माल उतरवावा लागतो. लडाखातलं दौलत बेग ओल्डी तर 5,065 मीटरवर. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या 60 टक्क्यांच्या आसपास. 20 ऑगस्ट 2013 रोजी हवाई दलाचं सी-130जे तिथल्या कच्च्या धावपट्टीवर उतरलं. त्या दिवशी त्याने किती टन नेले यापेक्षा ते तिथे उतरू शकलं, हे मला फार मोठं वाटतं. बांधापर्यंत येणारी गाडी ती हीच.

सी-295 याच जातीचं, पण लहान. 2021 च्या करारात 56 विमानांसाठी 21,935 कोटी रुपये ठरले. त्यातली 40 नंदुरबारच्या पलीकडे, वडोदऱ्याला बनणार आहेत. त्यांना बाहेरचा पंखा (प्रोपेलर) फिरवणारी इंजिनं आहेत: वेग कमी, पण थोड्या अंतराला इंधन कमी जाळतात आणि आखूड पट्टीवरून उठतात. आठ टन रसद पुढच्या तळावर न्यायची असेल तर सी-17 अर्धंही भरणार नाही. ट्रकभर जागा घेऊन दोन पाट्या केळी दिल्लीला पाठवायचा हिशेब सावद्यात कुणी मांडत नाही.