कॅसल ऑफ द विंड्ज

विंडोज संगणकावर एकट्याने खेळायचा, नॉर्स (म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियन) पुराणकथांचा आधार घेतलेला रोल-प्लेइंग गेम. कर्ते रिक साडा. खेळावर प्रताधिकाराचे वर्ष १९८९ असे आहे. तो बाजारात आला १९९३ मध्ये, एपिक मेगागेम्स या कंपनीमार्फत. निर्माता म्हणून ‘साडासॉफ्ट’ असे भारदस्त नाव झळकते, पण ते साडा यांच्याच आडनावावरून पाडलेले आहे. साडा हे मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला होते आणि हा खेळ म्हणजे त्यांचा घरचा उद्योग. चित्रे पॉल कॅनिफ यांनी काढली. ‘अ क्वेश्चन ऑफ व्हेंजन्स’ आणि ‘लिफ्थ्रान्सिर्स बेन’ असे त्याचे दोन भाग आहेत. १९९८ च्या सुमारास साडा यांनी दोन्ही भाग फुकट वाटायला सुरुवात केली.

कथा सुडाची आहे. नायक (किंवा नायिका, सुरुवातीला निवडता येते) पोरका, मानलेल्या आईबापांनी वाढवलेला. त्यांचा खून होतो, शेतवाडी उद्ध्वस्त होते. शेजारच्या एका ओसाड खाणीत शिरून तिथली भुते-जनावरे निपटताना चर्मपत्राचा एक तुकडा हाती लागतो आणि हे खून कुणाच्या तरी हुकमावरून झाले, एवढे कळते. परत यावे तर जवळची वस्तीही लुटलेली. मग बियार्नरहेवन या गावी मुक्काम, तिथल्या गढीखालचे मजल्यामागून मजले, आणि तळाशी ह्रुंग्निर हा टेकडीराक्षसांचा सरदार. त्याच्याकडचा मंतरलेला ताईत हाती आला की मेलेला बाप बोलू लागतो, वंशाची हकिगत सांगतो आणि पहिला भाग संपतो. दुसऱ्या भागात क्रॉसरोड्स नावाचे गाव लागते. तिथला यार्ल, म्हणजे सरदार, आधी दारातही उभे करत नाही. पराक्रम वाढला की तोच बोलावून बक्षिसे देतो. जवळच पडीक अवस्थेत वाऱ्यांचा किल्ला आहे. त्याच्या पोटात उतरून सुर्तुर या राक्षसाला मारायचे, वर यायचे आणि सिंहासनावर बसायचे.

या कथेत नॉर्स पुराण किती? नावापुरते, असेच म्हणावे लागेल. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसोन याने तेराव्या शतकात लिहिलेल्या एड्डा ग्रंथातला ह्रुंग्निर फार मजेदार इसम आहे. देवांचा राजा ओडिन याचा आठ पायांचा घोडा श्रेष्ठ की आपला गुलफाक्सी, यावरून तो ओडिनशी पैज लावतो आणि दौडता दौडता थेट देवांच्या नगरीत शिरतो. देव त्याला दारू पाजतात. चढल्यावर तो व्हॅल्हल्ला हा ओडिनचा महाल उचलून घरी नेण्याच्या बाता मारू लागतो, तेव्हा थोर या हातोडाधारी देवाला बोलावणे जाते. द्वंद्व ठरते. ह्रुंग्निरचे काळीज दगडाचे, डोके दगडाचे, हत्यार म्हणजे धार लावायचा अवाढव्य दगड. थोरचा नोकर त्याला थाप मारतो की थोर जमिनीखालून येणार आहे. हा शहाणा मग ढाल पायाखाली घालून तिच्यावर उभा राहतो, आणि हातोडा येतो समोरून. कवटीचा चुरा होतो. त्या दगडाचा एक तुकडा मात्र थोरच्या डोक्यात कायमचा रुतून बसतो. राक्षसाचा पाय थोरच्या मानेवर पडलेला असतो, तो कुणालाच हलत नाही. शेवटी थोरचा तीन रात्रींचा मुलगा मॅग्नी येऊन उचलतो.

यातले काहीही खेळात नाही. खेळातला ह्रुंग्निर म्हणजे पुष्कळ जीव असलेला, जोरात मारणारा शत्रू; बाकी त्याची खोडी काढायची तर ती मनातल्या मनात. सुर्तुरचे तसेच. एड्डामध्ये तो अग्निलोकाचा राखणदार आहे. रॅग्नारॉक या प्रलयात तो फ्रेयर देवाला मारतो आणि जगाला आग लावतो. (मराठी कानाला त्याचे नाव सूर्यासारखे वाटते, प्राचीन नॉर्समध्ये त्याचा अर्थ ‘काळा’ असा आहे.) दुसऱ्या भागाच्या शीर्षकात लिफथ्रासिरच्या नावाचा पडसाद आहे. प्रलयानंतर लिफ आणि लिफथ्रासिर हे एकच मानवी जोडपे उरते, तेही एका रानात दडून, सकाळच्या दवावर जगून. बाकी भुयारांमध्ये कोबोल्ड, मँटिकोर, ऑग्र अशी नाना देशांची भरताड आहे. कोबोल्ड जर्मन लोककथांतला, मँटिकोर इराणकडचा. त्या काळच्या बहुतेक खेळांप्रमाणे इथेही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर बसून खेळायच्या खेळाच्या प्रभावातून ही मंडळी एका पंगतीला बसली.

खेळाचे खरे वेगळेपण पुराणात नाही, विंडोजमध्ये आहे. १९८० च्या ‘रोग’ या खेळापासून निघालेल्या परंपरेला रोगलाइक म्हणतात: दर वेळी नव्याने तयार होणारी भुयारे, आळीपाळीच्या चाली, आणि मेलात तर मेलात. ‘हॅक’, ‘मोरिया’, ‘नेटहॅक’ हे सगळे त्याच घराण्यातले. त्यांत पडद्यावर चित्र नसे; अक्षरे असत. तुम्ही म्हणजे ‘@’, आणि कुठलेसे इंग्रजी अक्षर चालून आले की समजायचे ट्रोल आला. साडा यांनी हाच साचा घेऊन विंडोजच्या सामानात बसवला. राक्षस, भिंती, तलवारी हे सगळे विंडोजचे आयकॉन आहेत, डेस्कटॉपवर ज्यांवर क्लिक करतो तसलेच. रंग ठरलेले सोळा. कृष्णधवल पडद्यासाठी चित्रांची वेगळी जोडीही दिली आहे. आपल्या पात्रासाठी स्वतःचा आयकॉन लावण्याचीही सोय आहे.

सामानाची व्यवस्था जवळून पाहण्यासारखी आहे. पाठपिशवी उघडली की एक खिडकी उघडते. पिशवीत पेटी असेल तर पेटीची दुसरी, जमिनीवर पडलेल्या वस्तूंची तिसरी. माउसने ढाल उचलायची आणि हातावर आणून सोडायची; बाटली उचलायची आणि कमरपट्ट्यात खोचायची. फायली हलवण्याचे काम ऑफिसात ज्या हाताने होते, त्याच हाताने इथे चिलखत चढते. प्रत्येक वस्तूला वजन आहे आणि आकारमानही. म्हणजे हलकी पण बोजड वस्तू पिशवीत मावत नाही आणि छोटी पण जड वस्तू चाल मंदावते. नाण्यांनाही वजन आहे, आणि इथेच नवख्यांची फजिती होते. तांबे, चांदी, सोने, प्लॅटिनम अशा नाण्यांपैकी तांब्याची रास दिसेल तिथे वेचत सुटलेला वीर शेवटी इतका रेंगाळू लागतो की समोरचा राक्षस त्याच्या एका चालीत दोनदा हात धुऊन घेतो. म्हणून गावात बँक आहे.

गावात आणखीही ठिकाणे आहेत. अनोळखी वस्तू ओळखून देणारा पंडित पैसे घेतो. देवळात जखमा भरतात आणि शापही उतरतो. शापित अंगठी न ओळखता बोटात घातली की ती निघत नाही, तेव्हा देवळाची पायरी चढावीच लागते. ओलाफ नावाचा भंगारवाला मात्र काहीही आणा, सरसकट पंचवीस तांब्याची नाणी टिकवतो. इतर दुकानदार शापित मालाकडे ढुंकूनही पाहत नाहीत, त्यामुळे त्याचे दुकान बरे चालत असावे.

पात्राचे चार गुण आहेत: ताकद, बुद्धी, काटकपणा, चपळाई. योद्धा, मांत्रिक असे वर्ग नाहीत. तलवार आणि मंत्र दोन्ही सगळ्यांना खुले. मंत्र एकूण तीस, आणि सुरुवातीला एक निवडायचा. काठिण्याच्या चार पायऱ्या आहेत. खेळ कधीही साठवता येतो आणि मेल्यावर पुन्हा तिथूनच सुरू करता येतो. ‘रोग’ परंपरेतल्या कट्टर मंडळींना ही सवलत म्हणजे पळपुटेपणा वाटतो. पण भुयारी खेळाशी कधी संबंध न आलेल्या माणसाला ती परंपरा कळायची असेल, तर याहून सोपे दार त्या काळी नव्हते, असे या नोंदकर्त्याचे मत आहे.

नावाबद्दल एक आडवाट. ‘विंडो’ हा इंग्रजी शब्द मुळात नॉर्सच आहे: विंडाउगा, वाऱ्याचा डोळा. भोकातून वारा यायचा म्हणून वाऱ्याचा डोळा. आपल्याकडे गवाक्ष म्हणजे बैलाचा डोळा. तेव्हा विंडोजमध्ये बांधलेला वाऱ्यांचा किल्ला हे नाव नॉर्स भाषेच्या अंगाने पाहिले तर फारच चपखल बसते.

विक्रीची रीत शेअरवेअरची होती. पहिला भाग कुणीही कुणालाही द्यावा, आवडला तर दुसऱ्यासाठी पैसे भरावेत. एपिक मेगागेम्स तेव्हा याच पद्धतीवर उभी होती. पुढे ‘अनरियल’ आणि ‘फोर्टनाइट’ काढणारी एपिक गेम्स ती हीच. कथेचे सगळे धागे सुटतात ते दुसऱ्या भागात, त्यामुळे ताईत मिळवून क्रॉसरोड्सच्या वेशीवर पोचलेले आणि तिथेच अडकलेले बरेच खेळाडू खेळ फुकट झाल्यावर पुढे गेले असणार. पहिल्या भागातले पात्र दुसऱ्यात नेता येते. नॉर्स विषयावरचा ‘रॅग्नारॉक’ हा १९९२ चा डॉस खेळही असाच पुढे फुकट झाला. तो पुराणाशी जास्त इमान राखतो, पण पहिल्याच बैठकीत माणसाला दमवतो.

‘कॅसल ऑफ द विंड्ज’ १६ बिटी असल्याने ६४ बिटी विंडोज तो थेट चालवत नाही. जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये जुने विंडोज बसवून, किंवा १६ बिटी कार्यक्रमांसाठी लिहिलेल्या वाइनव्हीडीएमसारख्या साधनाने तो चालतो. दुसरा भाग जिंकला की पात्राचे नाव ‘व्हॅल्हल्लाज चॅम्पियन्स’ या यादीत अनुभवगुणांच्या क्रमाने चढते. पुराणात व्हॅल्हल्लात जागा मिळायला रणात पडावे लागते. इथे ती जिवंत परतणाऱ्याला मिळते.