पॅनेक्झिन
पॅनेक्झिन : पृष्ठवंशी प्राण्यांच्या पेशीपटलात मोठ्या रंध्राच्या वाहिन्या घडवणारे प्रथिनकुल. मानवात याची तीन प्रथिने आढळतात. सोडियम-पोटॅशियमच्या नेहमीच्या वाहिन्या आयन पारखून सोडतात. पॅनेक्झिन-1 मधून एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूएवढा रेणूही बाहेर पडतो.

हे कुल 2000 साली यूरी पांचिन व सहकाऱ्यांनी जनुकक्रमांच्या तुलनेतून पुढे आणले. अपृष्ठवंशी प्राण्यांत शेजारच्या पेशी जोडणाऱ्या इनेक्झिन प्रथिनांशी त्याचे साम्य दिसल्याने ग्रीक ‘पॅन’ (सर्व) आणि लॅटिन ‘नेक्सस’ (जोड) यांवरून नाव ठेवले गेले. ते कामाला फारसे लागू पडत नाही. पॅनेक्झिन-1 च्या पेशीबाहेरील भागावर, 254 व्या ॲमिनो अम्लाला, शर्करेची साखळी चिकटलेली असते. तिच्यामुळे दोन पेशींच्या वाहिन्या तोंडाला तोंड भिडवू शकत नाहीत. बेडकाच्या अंडपेशींत हे प्रथिन मुद्दाम निर्माण केले असता जोड दिसल्याचे नमूद आहे. तरी एकेरी (दुसऱ्या पेशीशी न जोडलेल्या) वाहिनीचा पक्ष आज अधिक ग्राह्य वाटतो. पृष्ठवंशींत पेशी जोडतात ती कनेक्झिने. त्यांचीही घडण चार पटलपार (पेशीपटल ओलांडणाऱ्या) सर्पिलांचीच, पण अनुक्रमात साम्य जवळजवळ नाही. त्यामुळे मूळ एकच की घडण स्वतंत्रपणे आली, याविषयी मतभेद आहेत.

एका वाहिनीत घटक किती, हा प्रश्नही कनेक्झिनच्या छायेतच राहिला. त्याच्या धर्तीवर सहा घटक धरण्याचा प्रघात होता. 2020 मध्ये अनेक गटांनी क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने (अतिथंड गोठवलेले नमुने पाहणाऱ्या) पॅनेक्झिन-1 ची रचना पाहिली, तेव्हा सात निघाले. रंध्राची सर्वांत अरुंद जागा बाहेरच्या तोंडाशी आहे : सात घटकांच्या 74 व्या स्थानावरील ट्रिप्टोफॅन या ॲमिनो अम्लांचे कडे, व्यास सुमारे 9 आंगस्ट्रॉम (1 आंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यांश). वाहिनीच्या विद्युत्‌वाहकतेबाबत मात्र एकमत नाही. काहींना ती सुमारे 500 पिकोसीमेन्स (वाहकतेचे एकक) आढळली, तर इतरांना 100 च्याही आत. वाहिनी कशाने उघडली यावर हा फरक अवलंबून असावा.

तिचे सर्वांत स्पष्ट कार्य नियोजित पेशीमृत्यूत दिसते. कॅस्पेज हे विकर पॅनेक्झिन-1 चे पेशीच्या आतले शेपूट कापते, रंध्र मोकळे होते, एटीपी पाझरतो आणि त्याच्या मागावर भक्षक पेशी येतात, असे 2010 मध्ये दिसून आले. गाऊटवरचे (यूरिक अम्ल साचून होणाऱ्या संधिवातावरचे) जुने औषध प्रोबेनेसिड ही वाहिनी रोखते. पण ते यूरिक अम्लाच्या वाहकांवरही परिणाम करते, म्हणून केवळ त्यावर बेतलेले निष्कर्ष जपून घ्यावेत.

पॅनेक्झिन-2 प्रामुख्याने मेंदूत, तर पॅनेक्झिन-3 त्वचा व कूर्चा-अस्थींत आढळते.