ग्लुकोज, वनस्पतींमधील

सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेवर हवेतील कार्बन डायऑक्साइड व मुळांनी शोषलेले पाणी यांपासून हिरव्या वनस्पती जी शर्करासृष्टी उभी करतात, तिचा मूळ घटक असलेली सहा कार्बन अणूंची साधी साखर.

प्रकाशसंश्लेषणाचे थेट उत्पादन ग्लुकोज असल्याचे शालेय समीकरणावरून (कार्बन डायऑक्साइड व पाणी यांपासून ग्लुकोज व ऑक्सिजन) वाटते. परंतु ते समीकरण जमाखर्चापुरतेच खरे आहे. उजेडात हरितलवकांमध्ये (पेशीतील हिरव्या कणांमध्ये) पिष्ट (स्टार्च) साठते, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ यूलिउस झाक्स यांनी १८६० च्या दशकात दाखविले. पानाचा काही भाग काळ्या कागदाने झाकून, नंतर उकळत्या अल्कोहोलमध्ये हरितद्रव्य काढून आयोडीन टाकले, की उघडा भाग पिष्टामुळे निळा-काळा होतो आणि झाकलेला पट्टा तपकिरी-पिवळाच राहतो. पुढे मेल्व्हिन कॅल्व्हिन, अँड्र्यू बेन्सन व जेम्स बॅशॅम यांनी किरणोत्सर्गी कार्बन-१४ वापरून शैवलांतील मार्ग उलगडला : पहिले स्थिर संयुग तीन कार्बनांचे निघाले. या चक्राकार मार्गातून बाहेर पडणाऱ्या तीन कार्बनी शर्करा-फॉस्फेटाचे हरितलवकातच पिष्ट बनते किंवा पेशीद्रवात सुक्रोज (उसातील साखर). मोकळे ग्लुकोज मुख्यतः रात्री पिष्ट फुटताना व सुक्रोजच्या विघटनातून मिळते. १९६१ चे नोबेल पारितोषिक एकट्या कॅल्व्हिन यांना मिळाले; तरी बेन्सन यांचा वाटा पाहता ‘कॅल्व्हिन-बेन्सन चक्र’ हेच नाव अधिक न्याय्य वाटते.

पानांतून फळांकडे व मुळांकडे जाते ते बहुतांशी सुक्रोज. श्वसनात ग्लुकोजमधील ऊर्जा मोकळी होते. नागपूर परिसरातील कपाशीच्या बोंडात मात्र त्याच्या हजारो रेणूंची साखळी होऊन सेल्युलोज बनते. सुकलेल्या तंतूचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग तोच असतो, आणि असे गुंफलेले ग्लुकोज झाडाला परत वापरता येत नाही.

संत्राबागांना आंबिया बहारासाठी (हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) हिवाळ्यात पाणी तोडून ताण देतात. पाने मलूल दिसू लागली की पुन्हा पाणी देऊन ताण तोडतात. वाढ थांबल्याने फांद्यांत पिष्ट साचते आणि कार्बोदके-नायट्रोजन गुणोत्तर वाढून फुले येतात, असे जुने स्पष्टीकरण आहे. त्याचा उगम अमेरिकी संशोधक क्राउस व क्रेबिल यांच्या टोमॅटोवरील १९१८ च्या कामात सापडतो. पिष्टसाठा फुलोऱ्याला व फळधारणेला बळ देतो, हे मान्य होण्यासारखे आहे. परंतु फुलोऱ्याचा इशारा केवळ साखरेचा नसून थंडी, पाण्याचा ताण व संप्रेरके यांचा एकत्रित असावा, हे अलीकडचे मत अधिक ग्राह्य वाटते.