बासनातलं औषध आणि लघवीची गोळी

स्किझोफ्रेनियाच्या औषधांची कथा सत्तर वर्षं डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाभोवती फिरत राहिली. १९५२ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन वापरलं. ते मेंदूतले डोपामिनचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणारी पेशींवरची दारं, अडवतं, हे नंतर कळलं. पुढची जवळजवळ सगळी औषधं त्याच दाराला कुलूप लावत आली. कानात येणारे आवाज थांबतात, संशय ओसरतो. पण हात थरथरतात, अंग आखडतं, वजन वाढतं. रुग्णाचं गप्प गप्प राहणं, कशातच मन न लागणं, हे मात्र फारसं हलत नाही. इतके जण गोळ्या मध्येच का सोडतात, ते यावरून समजावं.

१९९० च्या दशकात एली लिली कंपनी झॅनोमेलिन नावाचं औषध अल्झायमरच्या रुग्णांवर तपासत होती. ते असेटिलकोलिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाची नक्कल करून त्याच्या मस्कारिनिक नावाच्या रिसेप्टरना, विशेषतः एम१ आणि एम४ या प्रकारांना, चेतवतं. चाचणीत एक अनपेक्षित गोष्ट दिसली : रुग्णांचे भास आणि संशयही कमी झाले. डोपामिनच्या दाराला हात न लावता! एम४ मुळे डोपामिनचा लोंढाच आटोक्यात येतो, असं आज मानलं जातं.

पण असेच रिसेप्टर पोटात आणि घामाच्या ग्रंथींतही असतात. मळमळ, उलट्या, घाम, भोवळ. मोठा डोस घेणाऱ्यांपैकी निम्म्यांहून अधिक जणांनी त्रासापायी औषध सोडलं, आणि झॅनोमेलिन बासनात गेलं.

ते बाहेर काढलं करुणा थेरप्युटिक्स या अमेरिकी कंपनीने. त्यांची युक्ती मला नव्या रेणूच्या शोधाइतकीच मोलाची वाटते. वारंवार लघवीला लागणाऱ्यांना ट्रॉस्पियम नावाची जुनी गोळी देतात. ती मस्कारिनिक रिसेप्टर अडवते, म्हणजे झॅनोमेलिनच्या अगदी उलट काम. मग दोन्ही एकत्र देऊन काय साधणार? मेख अशी, की ट्रॉस्पियमच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असतो, त्यामुळे तो मेंदूत जवळपास शिरतच नाही. झॅनोमेलिन मेंदूत आपलं काम करतं, ट्रॉस्पियम बाकीच्या शरीरात त्याला आवर घालतं.

१८२ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच आठवड्यांत लक्षणांच्या तीव्रतेचा गुणांक या जोडगोळीने सरासरी १७.४ ने उतरला, प्लासिबोने, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीने, ५.९ ने. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘कोबेन्फी’ या नावाने तिला मान्यता दिली. मळमळ आणि बद्धकोष्ठता अजून होतेच, यकृताचा आजार असलेल्यांना ती चालत नाही, आणि दिवसातून दोनदा रिकाम्या पोटी घ्यावी लागते. शिवाय मुख्य चाचण्या पाच आठवड्यांच्याच होत्या. हा आजार मात्र वर्षानुवर्षं सोबत राहतो.

मान्यतेनंतर दोनच महिन्यांत एम्राक्लिडिन हे प्रायोगिक औषध आपटलं. ते फक्त एम४ वर काम करतं. दोन चाचण्यांत ते प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही. एम१ ची साथ नसल्यामुळे असं झालं, की प्लासिबोवरच्या रुग्णांनाही बराच उतार पडल्यामुळे, यावर आता संशोधकांत वाद आहे.