बँकेची एक्सएमएल फाइल : डब्यातला डबा कोडने कसा शोधायचा

पगाराची किंवा व्हेंडर पेमेंटची फाइल बँकेच्या पोर्टलवर चढवली आणि ‘स्कीमा व्हॅलिडेशन फेल’ (म्हणजे फाइल ठरलेल्या साच्यात बसत नाही) एवढंच उत्तर आलं, की आमचा फोन वाजतो. बहुतेकदा महिनाअखेरीला, संध्याकाळी सहानंतर. हे पत्रक त्या फोनच्या आधी वाचण्यासाठी आहे. सुरुवात अकाउंट्सवाल्यांसाठी, पुढचा भाग तुमच्याकडच्या प्रोग्रॅमरसाठी.

आमचं सॉफ्टवेअर तुमच्या एक्सेलमधून जी फाइल बनवतं, ती एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक माहिती नावाच्या खुणांमध्ये गुंडाळून लिहिलेली असते. आयएसओ २००२२ या बँकांच्या संदेशांच्या मानकातली ती ‘पेन.००१’. नावावर जाऊ नका, ते पेमेंट इनिशिएशनचं लघुरूप आहे. रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस २०१३पासून याच मानकाचे संदेश वापरते.

फाइलची रचना एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या डब्यांसारखी असते. सगळ्यात बाहेर डॉक्युमेंट. त्याच्या आत ग्राहकाची विनंती, तिच्यात एक ग्रुप हेडर आणि पेमेंट इन्फर्मेशनचे एक किंवा अनेक डबे. त्या प्रत्येकात एकेका कर्मचाऱ्याचा व्यवहार. लाभार्थ्याचा आयएफएससी कोड मेंबर आयडीच्या (क्लिअरिंग सिस्टिमच्या डब्यातला बँकेचा क्रमांक) घरात लिहिला, तर तो बाहेरून मोजत आठव्या पायरीवर येतो. कुठला डबा कशात, कोणत्या क्रमाने, किती वेळा, हे ठरवणारी वेगळी फाइल म्हणजे स्कीमा, एक्सएसडी.

आता गंमत अशी, की स्कीमा नोटपॅडमध्ये उघडला तर हे डबे एकात एक दिसतच नाहीत. वर डॉक्युमेंट हा एकच एलिमेंट (म्हणजे डबा), आणि खाली शंभराहून जास्त टाइप (डब्यात काय असावं याचे साचे) एबीसीडीच्या क्रमाने ओळीत मांडलेले. आतला डबा जागेने नाही, नावाने जोडलेला असतो : ‘माझा टाइप अमुक, तो पुढे बघ.’ त्यामुळे एक्सएसडी ही साधी एक्सएमएल समजून तिच्यात चाइल्ड नोड शोधणारा कोड दुसऱ्या पायरीवरच रिकाम्या हाताने परततो. आमची पहिली आवृत्ती अशीच होती, हे कबूल करतो.

डॉटनेटमध्ये बरोबर रस्ता असा. स्कीमा सेटमध्ये सगळ्या फाइल घाला आणि आधी कंपाइल करा. नावांच्या गाठी तिथेच सुटतात. मग ग्लोबल (सगळ्यात बाहेरच्या) एलिमेंटपासून निघा, त्याचा कंपाइल झालेला टाइप घ्या आणि तो कॉम्प्लेक्स असेल, म्हणजे त्यात आणखी डबे असतील, तर त्याचा कंटेंट टाइप पार्टिकल, म्हणजे आतल्या डब्यांची मांडणी. हा पार्टिकल सीक्वेन्स (ठरलेल्या क्रमाने), चॉइस (यांपैकी एक) किंवा ऑल (कुठल्याही क्रमाने) असतो. त्यातला प्रत्येक घटक एलिमेंट असेल तर त्याच फंक्शनला पुन्हा द्या. आत आणखी एक सीक्वेन्स किंवा चॉइस निघाला तर त्याच्यातही उतरा. चॉइसकडे दुर्लक्ष केलंत तर रक्कमच हरवते, कारण रकमेच्या डब्यात ‘सांगितलेली रक्कम’ किंवा ‘समतुल्य रक्कम’ यांपैकी एकच चालतं.

पायथनवाल्यांसाठी : एलएक्सएमएल ही लायब्ररी फाइल तपासून देते, पण स्कीमाचं झाड (कशात काय याचा आराखडा) हातात देत नाही. त्यासाठी एक्सएमएलस्कीमा नावाची लायब्ररी घ्या.

युरोपात माल पाठवणाऱ्यांना कधीकधी यूबीएल (एक्सएमएलमधलंच एक मानक) इनव्हॉइस लागतं. तिथे पार्टीच्या आत एजंट पार्टी असते आणि तिचा टाइप पुन्हा पार्टीच, म्हणजे कोड फिरतच राहणार. वाटेत भेटलेले टाइप लिहून ठेवा आणि तोच पुन्हा आला की मागे फिरा. (आपलं जीएसटीचं ई-इनव्हॉइस जेसनमध्ये जातं, त्याला यातलं काही लागू नाही.)

आणखी एक जुनं दुखणं नेमस्पेसचं, म्हणजे एलिमेंटची नावं कोणत्या मानकातली हे सांगणाऱ्या आडनावाचं. फाइलमधले सगळे एलिमेंट नेमस्पेसमध्ये असतात, म्हणून एक्सपाथमध्ये (एलिमेंट शोधण्याच्या पत्त्यात) त्या आडनावाचा प्रीफिक्स दिला नाही तर काहीच सापडत नाही. एररसुद्धा येत नाही.

फाइल परत येण्याची आम्ही सर्वाधिक वेळा पाहिलेली कारणं मात्र साधी आहेत. स्कीमात किमान संख्या लिहिली नसेल तर ती १ धरली जाते, पण ही सक्ती बाहेरचा डबा उघडला तरच. क्लिअरिंग सिस्टिमचा डबा ऐच्छिक आहे. तो उघडलात तर आतला मेंबर आयडी सक्तीचा. ज्याचा आयएफएससी एक्सेलमध्ये कोरा, त्याचा रिकामा डबा फाइलमध्ये लिहिला गेला की पूर्ण फाइल परत. दुसरं कारण रकमेतला स्वल्पविराम : १,२५,००० नाही, १२५०००.०० लिहा.

उलट, आयएफएससीत अकराऐवजी दहा अक्षरं पडली तर स्कीमा ती बिनबोभाट सोडतो. त्याच्या लेखी मेंबर आयडी म्हणजे ३५ अक्षरांपर्यंतचा कुठलाही मजकूर. तिथे बँकेचे स्वतःचे नियम येतात आणि ते एक्सएसडीत नसतात, बँकेच्या पीडीएफमध्ये असतात. म्हणून आमचा प्रोग्रॅम दोनदा तपासतो, आधी स्कीमाने, मग त्या पीडीएफवरून आम्ही हाताने बसवलेल्या नियमांनी. चूक सापडली की एलिमेंटच्या आखूड इंग्रजी नावांऐवजी ‘पेमेंट १, व्यवहार १७, लाभार्थ्याची बँक’ असा पत्ता आणि तुमच्या एक्सेलमधला ओळ क्रमांक दाखवतो.

नवीन बँक जोडायची असेल तर तिच्याकडून एक्सएसडी, नियमांची पीडीएफ आणि पास झालेली एक नमुना फाइल मागून घ्या. एक्सएसडीबरोबर ती ज्या फाइल आत ओढते त्याही हव्यात. नमुन्यातले खाते क्रमांक आणि नावं पुसूनच आमच्याकडे पाठवा. न पुसलेली फाइल आम्ही उघडत नाही.